काळ्या मातीतली वाडी: कधी लावावं, कधी थांबावं

काळ्यामातीतली (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. ऊन तापू लागलं की दरवर्षी तेच प्रश्न येतात. टमाटरची फुलं गळून राहिली, पालक चार पानांवरच फुलोऱ्यावर गेला, सांबार (कोथिंबीर) उगवतच नाही. आणि उत्तरं येतात ती बहुतेक पुण्या-नाशिकच्या हवेची. तिथली माणसं आपापल्या जागी बरोबर आहेत, पण आपलं विदर्भाचं ऊन वेगळं, माती वेगळी. म्हणून हा स्वतंत्र धागा काढते आहे. घराच्या मागची वाडी, चार-सहा वाफे, एक लिंबू, एक मुंगणा (शेवगा), एवढ्यापुरतंच बोलू.

माझं म्हणणं सरळ आहे. भारी काळ्या मातीत घरच्या भाजीचं वर्ष पोळ्याला सुरू होतं आणि होळीच्या मागेपुढे संपतं. मृग ते पोळा हा निचरा सांभाळायचा आणि रोपं तयार करायचा काळ. पाडवा झाला की नवीन लागवड थांबवायची, जे जगवायचं तेवढंच जगवायचं आणि बाकी जमीन तापू द्यायची. बारा महिने सगळं पिकवायच्या नादात पाणीही जातं, मातीही थकते आणि नवीन माणूस बागकामच सोडून देतो. असं सोडून दिलेल्या किती तरी वाड्या आमच्याच गावात दिसतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता मृगाबद्दल. पहिला पाऊस पडला की सगळ्यांचे हात शिवशिवतात. पण ही माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आक्रसते. उन्हाळ्यात भेगा पडतात त्या म्हणूनच. सुरुवातीचं पाणी भेगांतून खोल उतरतं, आपल्याला वाटतं मुरलं. मग झड (सलग दिवसांचा पाऊस) लागली की भेगा मिटतात, माती चिकट होते आणि पाणी जागेवरच उभं राहतं. मुळांना हवा मिळत नाही. पपईचं झाड अशा पाण्यात बघता बघता बसतं. मिरची, वांगी, टमाटर सपाट वाफ्यात लावले तर झडीत माना टाकतात, आणि आपण रोग समजून औषध शोधत बसतो. खरी गोष्ट एवढीच असते की मूळ गुदमरलं.

त्यामुळे पावसाळ्यात वाफा खोल नको, उंच हवा. वीतभर उंचीचा गादीवाफा, दोन वाफ्यांत चर, आणि चराचं तोंड घराकडे नाही तर उताराकडे. त्या वाफ्यावर आषाढ-श्रावणात वांगी, मिरची, टमाटरची रोपं टाकायची. रोप २५ ते ३० दिवसांचं झालं की लागवड. ‘आला पोळा, पाऊस झाला भोळा’ म्हणतात ते वाडीला तंतोतंत लागू आहे. झड ओसरते, वाफसा येतो म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होते, जमिनीत ओल भरपूर असते आणि पुढे थंडी येणार असते. आपल्या मातीला याच्यापेक्षा चांगली वेळ वर्षात नाही.

पावसात काहीच लावू नका असं मात्र मी म्हणत नाही. कुंपणावर चढणारं सगळं लावा. दोडका, कारलं, लवकी (दुधी), बरबटी (चवळी), तोंडली. यांचा पसारा वर राहतो, बुडाला मातीचा उंच ढीग केला की झालं. अंबाडी तर हवीच, तिला कोणी विचारावंही लागत नाही. आणि तरोटा, कुंजर, घोळ आपोआप येतात, ते उपटून फेकण्याआधी एकदा कोवळे असताना भाजी करून पाहा.

हस्त-चित्रात लसूण, मेथी, पालक, गाजर, मुळा, सांबार. थंडीत वाफा आता सपाट चालतो, उलट थोडा खोलगटच बरा, कारण आता पाणी धरून ठेवायचं असतं. वालाच्या आणि पोपटाच्या (वालाचाच प्रकार) शेंगा कुंपणावर. इथं फारसं सांगण्यासारखं नाही, थंडीत आपली माती स्वतःच काम करते.

उन्हाळ्याचं मात्र नीट बोलायला हवं. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर सतत राहू लागलं की टमाटर फुलतं पण धरत नाही. आपल्याकडे मार्चच्या शेवटीच तिथं पोचतो आणि मे महिन्यात ४५ च्या पुढे. हिरवी जाळी लावून सावली होते, पण गरम वारा आणि गरम रात्र थोडीच थांबते? आपल्या आज्या उन्हाळ्यात भाजी पिकवायचा हट्ट करत नव्हत्या. गवार, वांगी वाळवून ठेवत, कोहळ्याच्या वड्या करत, आणि ओलाव्याला चिवळीची पालेभाजी आली की ती. तीच रीत मला आजही शहाणपणाची वाटते.

तुमच्याकडे कसं आहे ते लिहा. तालुका जरूर लिहा, नाहीतर उत्तराचा उपयोग होत नाही.

पऱ्हाटीवाला (दारव्हा, जि. यवतमाळ)

ताई, लय कामाचं लेयलं तुमी. एक गोष्ट जोडतो. उन्हाळ्यात जमीन नुसती मोकळी ठेवू नका, तिच्याकून काम करून घ्या. वाफा खोदा, ढेकळं उन्हात उलटी पडू द्या. हुमणीच्या अळ्या वर येतात, पाखरं खातात, उरलेल्या उन्हानं मरतात. आमच्या वाडीत उकिरड्याचं खत कच्चं टाकलं का हुमणी ठरलेलीच. म्हून खत कुजलेलंच पायजे, हातात घेतलं तं भुरभुरीत लागलं पायजे, वास नाई आला पायजे.

अन् आच्छादनासाठी लोकं इकत आणतात ते काऊन? आपल्याइथं सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) हाये, तुरीचं हाये. दिवाळीनंतर वाफ्यावर चार बोटं कुटार पसरा. आठ दिवसाले पाणी लागत असन तं बारा दिवसावर जाते. फक्त बुडाशी चिपकवू नका, थोडं दूर ठेवा. अन् झडीच्या दिवसात कुटार काढून टाका, नाई तं खाली गोगलगाई जमा होतात.

पऱ्हाटी अन् तुराट्या (कपाशीची अन् तुरीची वाळकी झाडं) जाळू नका. मांडवाले, कुंपणाले त्याच्यासारखं काही नाई. पण कपाशीले बोंडअळी होती असन तं त्या पऱ्हाट्या वाडीत आणू नका, वाळक्या बोंडात अळी बसलेली रायते.

सांदवाडी (लाखांदूरकडे, जि. भंडारा)

ताई, तुमचं लिखाण आवडलं, पण सगळ्या विदर्भाला ते लावू नका. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, आमची सांदवाडी (घरामागची वाडी) मृगालाच सुरू होते आणि पावसाळ्यातच सगळ्यात भरलेली असते. तुमच्याकडे ८००-९०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, आमच्याकडे १३०० च्या आसपास आणि गडचिरोलीत त्याहूनही जास्त. तरी वांगं बसत नाही, कारण माती वेगळी आहे. मोरांड असो की बरडी, आमची कोणतीच माती तुमच्यासारखी चिकट नाही. पाणी वाहून जातं. आमची अडचण उलटी आहे: पाऊस थांबला की आठवड्यात वरची माती कोरडी ठक्क होते आणि खतही पाण्यासोबत धुऊन जातं.

म्हणून आमच्याकडे अखजीला (अक्षय्य तृतीयेला) वेलांच्या बियांचे खड्डे तयार होतात. खड्ड्यात शेणखत आणि तलावाचा गाळ. गाळ हीच आमची श्रीमंती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत जुने मालगुजारी तलाव आहेत, उन्हाळ्यात त्यांचा गाळ निघतो. तो काळा, भारी असतो, पाणी धरतो. रेताड मातीत घमेल्यानं टाका, दोन-तीन वर्षं फरक दिसतो. तुमच्या मातीत मात्र टाकू नका, तुम्हाला त्याची गरजच नाही, चिकटपणा वाढेल.

दोडका-लवकीचे वेल आम्ही सरळ कवेलूवर चढवतो. कोहळं छपरावरच पिकतं. धानाची तणीस आमच्याकडे भरपूर, आच्छादन तिचंच. आणि धुऱ्यावर (बांधावर) तूर, पोपट.

उन्हाळ्याबद्दलही थोडं वेगळं मत आहे. वैनगंगेच्या रेतीत भर उन्हाळ्यात डांगर (खरबूज) आणि टरबूज होतातच ना? म्हणजे ऊन सोसणारं पीक आणि खाली ओल, एवढं जमलं तर उन्हाळाही रिकामा जात नाही. घरी विहीर असेल तर ढेमसं (टिंडा), काकडी, गवार फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लावून मेपर्यंत खाता येतात.

काळ्यामातीतली

सांदवाडीताई, तुमचं पटलं. मातीनुसार वर्ष बदलतं हे मी शीर्षकात ‘काळ्या मातीतली’ लिहून सुचवलं होतं, पण झाडीपट्टीचं असं उलगडून कोणी सांगितलं नव्हतं. ढेमशाचंही खरं आहे. फेब्रुवारीत लावलं तर वेल ऊन वाढायच्या आत पसरतो आणि स्वतःच्या पानांनी जमीन झाकतो. माझा विरोध एप्रिलमधल्या नवीन लागवडीला आहे, फेब्रुवारीतल्याला नाही.

ज्यांच्याकडे उन्हाळ्यात पाणी नाही त्यांनी पऱ्हाटीवाले भाऊ म्हणतात तसं उन्हाकडून काम करून घ्यावं. वाफा खणून, पाणी देऊन ओला करा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून पसरा आणि कडा मातीत दाबून टाका. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. आत इतकी वाफ होते की तणाचं बी, मर रोगाची बुरशी, सूत्रकृमी बरेचसे मरतात. प्लास्टिक काळं नको, पारदर्शकच हवं, ऊन आत गेलं पाहिजे. ज्या वाफ्यात आषाढात रोपं टाकणार त्याला हे जरूर करा, रोपं कोलमडायचं प्रमाण खूप कमी होतं. आपलं वैशाखाचं ऊन याच्याइतकं दुसऱ्या कोणत्या कामाला येत नसेल.

पूर्णाकाठ (दर्यापूर, जि. अमरावती)

तुम्हा दोघींच्याही वाड्यांचं वाचून बरं वाटलं आणि थोडं मन भरूनही आलं, कारण आमच्याकडे अडचण माती आणि ऊन या दोन्हींच्या पलीकडची आहे. आम्ही खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. बोअरचं पाणी खारं. त्या पाण्यावर पालेभाजीची पानं कडेनं करपतात, मातीवर पांढरा थर येतो आणि काही दिवसांनी माती दगडासारखी बसते.

गादीवाफ्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. खारं पाणी चरातून दिलं की ते मातीतून वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ मागे राहतं. ते नेमकं वरंब्याच्या माथ्यावर साचतं. म्हणून आमच्याकडे रोप माथ्यावर लावत नाहीत, कुशीला लावतात, पाण्याच्या रेषेच्या थोडं वर. पावसाळ्यात माथा चालतो, कारण पाऊस मीठ धुऊन नेतो. पण थंडीत आणि उन्हाळ्यात कूसच.

दुसरं, पाण्याचा फवारा पानांवर कधीही मारू नका. बुडाला द्या. थोडं थोडं रोज देण्यापेक्षा एकदाच भरपूर द्या, म्हणजे मीठ खाली जातं.

आणि छताचं पाणी साठवा. १०० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १००० लिटर पाणी उतरतं, थोडंफार वाया जातं ते सोडा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, पत्रा धुऊन निघतो. त्यानंतरचं टाकीत. आमच्या घरी हे पाणी रोपांसाठी, सांबारासाठी आणि लिंबासाठी राखून ठेवतो. बीट आणि पालक खारेपणा इतरांपेक्षा जास्त सोसतात, घेवडा आणि गाजर अजिबात नाही. वर्षानुवर्षं ‘आमच्याकडे भाजी होत नाही’ म्हणत बसलेल्या घरांना हे सांगायलाच हवं, म्हणून इतकं लिहिलं.

नवी_वाडी (उमरेड तालुका, जि. नागपूर)

सगळ्यांना नमस्कार. लग्नानंतर दोन पावसाळे झाले इकडे येऊन, माहेर पुण्याचं. तिथे गच्चीवर कुंड्यांत सगळं यायचं. इथे अंगणात लिंबाचं कलम लावलं आहे, जमीन काळीच. पावसाळ्यात नवी पालवी पिवळी पडते, शिरा मात्र हिरव्या राहतात. शेजारच्या काकू म्हणतात पाणी कमी पडतं, सासरे म्हणतात जास्त होतं. शेणखत टाकलंय. काय करू? आणि वानरांचं काय करायचं? पेरूचं एक फळ हाती लागत नाही.

संत्र्याचा_पट्टा (वरूड, जि. अमरावती)

ताई, सासरे बरोबर सांगतात. जुनी, खालची पानं पिवळी पडली तर नत्र कमी. नवी पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी. आपल्या मातीत लोह नाही असं नाही, पण चुनखडी जास्त असल्यानं मुळांना ते उचलता येत नाही. आणि पाणी साचलं की ही अडचण आणखी वाढते. म्हणून पावसाळ्यात पिवळं पडतं आणि दिवाळीनंतर वाफसा आला की पुष्कळदा आपोआप हिरवं होतं. तातडीला हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. पण खरा उपाय झाडाभोवतीचं पाणी काढून देणं.

आळं कसं केलं आहे? बुंध्याला लागून असेल तर आधी ते बुजवा. संत्रा-मोसंबी-लिंबू, तिन्हींच्या बुंध्याला पाणी लागलं की डिंक्या होतो, सालीतून डिंक वाहतो आणि साल कुजते. दोन गोल करा. आतल्या गोलात मातीची भर, बुंध्याकडे उंच. पाणी फक्त बाहेरच्या गोलात, फांद्यांच्या टोकांखाली, कारण अन्न घेणारी बारीक मुळं तिथेच असतात. कलमाचा जोड मातीत गाडला जाता कामा नये, जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे.

पावसाळ्याआधी बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावा. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, लोखंडाच्या भांड्यात नाही, प्लास्टिकच्या बादलीत. एका झाडाला इतकं लागत नाही, त्याच प्रमाणात १००-१०० ग्रॅम घ्या आणि एक लिटर पाणी. पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा.

पऱ्हाटीवाला

वानरायचं मी सांगतो. फटाके, बुजगावणं, आरसे, सारं दोन-चार दिवस चालते. मंग ते त्याच बुजगावण्यावर येऊन बसतात. पेरूले फळ पिकायच्या आधी पिशव्या बांधा, अन् जमलं तं झाडावर जाळी टाका. वाडीच्या उघड्या बाजूनं हळद, अद्रक, गवती चहा लावा, त्याले आमच्याइकडं तरी ते हात लावत नाई. हळदीले निम्मं ऊन चालते, मुंगण्याच्या सावलीत मस्त येते. मे-जूनमंधी लावली का जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळतात, तवा काढाची. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद तं नावाजलेलीच हाये, जीआय म्हंजी भौगोलिक मानांकन मिळालेली. तिचं बेणं भेटलं तं तेच घ्या.

सांदवाडी

नवी_वाडीताई, एक अजून. वांग्याचा शेंडा मधूनच वाळलेला दिसला तर तो तिथेच कापून जाळून टाका. आत अळी असते, तीच पुढे फळात जाते. औषधाची वाट पाहू नका. आणि आता जूनमध्ये निंबोळ्या पडायला लागतील, लेकरांना गोळा करायला लावा. गर धुऊन सावलीत वाळवा. वर्षभर ५० ग्रॅम भरडा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी गाळून त्यात चिमूटभर साबण, संध्याकाळी फवारायचं. मावा, तुडतुडे, कोवळ्या अळ्या यांना चालतं. तयार झालेला अर्क त्याच दिवशी संपवा, ठेवू नका.

नवी_वाडी

केवढं मिळालं! आळं बुंध्याला लागूनच आहे, आज संध्याकाळीच बदलते. एक शेवटचं विचारते. ढेमसं आमच्या घरी सगळ्यांना आवडतं. घरात सासूबाईंनी राखेत ठेवलेलं बी सापडलं, पण किती जुनं ते कोणालाच आठवत नाही. फेब्रुवारीपर्यंत थांबून मग उगवलंच नाही तर हंगाम जाईल.

काळ्यामातीतली

फेब्रुवारीपर्यंत थांबू नकोस, आताच तपास. दहा बिया घे, रात्रभर पाण्यात भिजव, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेव. फडकं ओलं राहिलं पाहिजे, थबथबीत नको. या दिवसांत उष्णता भरपूर आहे, आठवडाभरात कळेल. सात-आठ फुटल्या तर बी चांगलं, पुन्हा कोरड्या राखेत भरून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव आणि पावसाळ्यात ती बरणी उघडू नकोस, दमट हवेनं बी मरतं. तीन-चारच फुटल्या तर लावताना एका जागी दुप्पट बिया टाक. त्याहून कमी असतील तर इथेच लिही. माझ्याकडे यंदाचं देशी बी आहे, दिवाळीच्या आत पाठवते. पूर्णाकाठ दादा, तुम्हालाही हवं असेल तर सांगा, त्याच वेळी दोन पुड्या बांधीन.

पूर्णाकाठ

हवंच आहे ताई. टाकीतल्या पाण्यावर एक वाफा ढेमशाचा करून पाहतो. बदल्यात आमच्याकडची देशी गवार पाठवतो, खाऱ्या पाण्यावर बऱ्याच वर्षांपासून घरीच बी धरलेली आहे.